यंत्र वाजलं होतं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. व्यासपीठावर उपस्थित असलेले आदरणीय डॉक्टरसाहेब. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या यंत्रताई. खास या दिवसासाठी लांबून आलेली त्यांची लेक. बुधवारच्या टेबलावरचे माझे सर्व सोबती, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

पाणीपुरवठा खात्यात मी छत्तीस वर्षं नकाशे काढले. माझ्या हाताखालून हजारभर नकाशे गेले असतील, पण भाषण म्हणाल तर हे पहिलंच. त्यामुळे मी चार कागद लिहून आणले आहेत. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय ना? पोस्टमनकाका हात वर करतायत, म्हणजे पोचतोय. त्यांच्या कानातलं यंत्र चालू आहे असं गृहीत धरतो.

यंत्रताई जिल्हा रुग्णालयाच्या दुरुस्ती विभागात चौतीस वर्षं होत्या. रक्तदाबाची यंत्रं, वजनकाटे, बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "नकाशेभाऊ, वजनकाटा शंभर ग्रॅमनं खोटं बोलला तर बाळाला औषध चुकीचं जातं. म्हणून यंत्राला खोटं बोलू द्यायचं नाही, एवढंच माझं काम." हे वाक्य कृपया लक्षात असू द्या.

निवृत्तीनंतर त्यांच्या लक्षात आलं की आपल्या वयाच्या प्रत्येक घरात एक कपाट असतं आणि त्या कपाटात मुलांनी वाढदिवसाला दिलेली यंत्रं खोक्यासकट पडलेली असतात. मुलं प्रेमानं पाठवतात, आपण प्रेमानं ठेवून देतो. ग्रंथपालबाईंनी खालच्या वर्तमानपत्रांच्या खोलीतलं लांब टेबल दर बुधवारी दहा ते साडेबारा आम्हाला दिलं, आणि ही मंडळी पिशव्या घेऊन यायला लागली. कुणाकडे बोलणारं घड्याळ, कुणाकडे वेळ झाली की किंचाळणारी गोळ्यांची डबी, कुणाकडे खाली पडलेली वस्तू न वाकता उचलायची चिमट्याची काठी.

त्या काठीचा सर्वोत्तम उपयोग कोर्टातल्या निवृत्त शिरस्तेदारांनी शोधून काढला. शेजारच्या आवारातले पेरू. आयुष्यभर न्यायालयात काढलेला माणूस! पकडले गेले तेव्हा म्हणाले, "मी कुंपण ओलांडलेलं नाही, काठीनं ओलांडलं." पोस्टमनकाकांची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. मुलानं पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं आणि रोज दहा हजार पावलांची सक्ती केली. काका म्हणाले, चाळीस वर्षं मी सरकारसाठी चाललो, आता माझ्या वाटचं कुत्रा चालेल. घड्याळ कुत्र्याच्या पट्ट्याला. संध्याकाळी मुलाचा घाबराघुबरा फोन, "बाबा, बावीस हजार? अहो, जरा बसत चला!" आणि आपल्या मेट्रनबाई घर झाडणाऱ्या त्या गोल यंत्राशी अजून वॉर्डबॉयशी बोलावं तसं बोलतात. "कोपरा राहिला. परत जा." तेही जातं म्हणे.

हसा, हसून घ्या. ताईंना हे हसू आवडायचं. कुणी यंत्र पहिल्यांदा आपल्या हातानं चालू केलं की त्या चष्मा कपाळावर ढकलून मोठ्यानं म्हणायच्या, "जमलं की हो!" आणि सत्तरीतला माणूस शाळेतल्या पोरासारखा लाजायचा. माझी पत्नी गेल्यावर सात महिने मी कुणाशी धड बोललो नव्हतो. तिचे आवडते फोटो एकामागून एक दाखवणारी चौकट भाच्यानं दिली होती, ती सुरू करता येईना म्हणून पहिल्यांदा त्या टेबलापाशी आलो. ताईंनी चौकट सुरू करून दिली नाही. माझ्याकडून करवून घेतली. दीड तास लागला. पुढच्या बुधवारी मी काही काम नसताना गेलो, आणि मग जातच राहिलो.

आता ड्रायव्हरदादांविषयी. ताईंचे यजमान. एकतीस वर्षं बस चालवली. गाडीत चढले की बूट काढून सीटखाली ठेवायचे आणि अनवाणी पायानं पेडल दाबायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "पायाला गाडी कळली पाहिजे." आपल्यापैकी निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी कामावर पोचवलेलं आहे. निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षांत त्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी नावं गेली, मग दिवस गेले. राहिली फक्त ड्यूटी. कपडे करून घराबाहेर पडायचे आणि निघायचे डेपोकडे.

ताईंनी त्यांच्या बुटात घालायला एक पातळ तळवा आणला. त्यात ठावठिकाणा सांगणारं यंत्र होतं. दादांनी गल्लीचं टोक ओलांडलं की ताईंचा फोन वाजायचा आणि नकाशावर ते कुठे आहेत तिथे निळा ठिपका दिसायचा. फोनवर त्यांनी कंडक्टरच्या घंटीचा आवाज लावला होता. दोनदा टिंग टिंग, म्हणजे गाडी सोडा. दादांना तो आवाज ऐकला की हसू यायचं, म्हणून. त्या तळव्याच्या भरवशावर ताई बुधवारचे अडीच तास घराबाहेर काढू शकायच्या. त्या वेळी दादा झोपलेले असायचे, आणि उठून निघालेच तर ताई दहा मिनिटांत त्यांना गाठायच्या. तसं चारदा झालं होतं. चारही वेळा दादा हसत घरी आले होते.

पाचव्या वेळचं तुम्हा सर्वांना माहीत आहे. निदान तसं तुम्हाला वाटतं.

अध्यक्षबाई, आपण प्रास्ताविकात माझ्याविषयी फार चांगलं बोललात. त्या दुःखाच्या काळात मी ताईंच्या पाठीशी सावलीसारखा उभा राहिलो, असं म्हणालात. टाळ्याही पडल्या. मी खाली बसून त्या ऐकल्या. हातातले हे चार कागद आता मी बाजूला ठेवतो. यापुढचं त्यांत लिहिलेलं नाही.

सव्वादोन वर्षांपूर्वीचा बुधवार. टेबल भरलेलं होतं. ताईंनी फोनवरची अक्षरं मोठी कशी करायची ते दाखवायला स्वतःचा फोन सगळ्यांच्या हातात फिरवला. फिरत फिरत तो माझ्याकडे आला आणि माझ्याकडेच राहिला. मी त्यात नकाशा उघडून बसलो होतो, जुन्या खोडीप्रमाणे, जलवाहिन्यांचे रस्ते शोधत. समोर ताई मेट्रनबाईंचा रक्तदाब घेत होत्या. नवं यंत्र होतं, आकडे मोठ्यानं बोलणारं. ते नीट ऐकू यावेत म्हणून ताई म्हणाल्या, "दोन मिनिटं कुणी बोलू नका हं." सगळे गप्प झाले.

आणि माझ्या हातातला फोन वाजला. टिंग टिंग.

ताई यंत्राला कान लावून बसल्या होत्या, त्याच्या घरघरीत त्यांना ऐकू गेलं नाही. बाकी सगळ्यांनी, माझाच फोन समजून, माझ्याकडे पाहिलं. मी ओशाळलो. फोनवर काहीतरी अक्षरं आली होती, खाली विचारलं होतं, बंद करू का? मी चष्मा लावलेला नव्हता. मी 'हो' दाबलं. फोन टेबलावर पालथा ठेवला. रक्तदाबाचं यंत्र बोलायला लागलं, मेट्रनबाईंचा दाब उत्तम निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या दिवशी काम लवकर आटोपलं. बारा वाजून पाच मिनिटांनी ताईंनी घरी निघण्यासाठी फोन उचलला. पडद्यावर निळा ठिपका होता. डेपोवर. हलत नव्हता. त्या म्हणाल्या, "अगंबाई, हे तर कामावर हजर झाले!" त्या घाबरल्या नव्हत्या. ठिपका जागच्या जागी होता ना. मी म्हणालो, चला, मी येतो. गाडी केली, डेपोवर उतरलो, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत गेलो.

बाकाखाली दादांचे बूट होते. एकमेकांना चिकटून, नीट ठेवलेले. मोजे घडी करून आत घातलेले. बाक रिकामा होता.

यंत्र अगदी बरोबर सांगत होतं, मंडळी. बूट तिथेच होते.

वॉचमन म्हणाला, "होते की इथे. बराच वेळ बसले होते. सही कुठे करायची, विचारत होते. मी म्हटलं, काका, घरी जा. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील जाऊन." घरी जा म्हटलं म्हणून आम्ही घराच्या वाटेनं शोधलं. नंतर पोलीस आले, या सभागृहातले कितीतरी जण आले, डॉक्टरसाहेब स्वतःची गाडी घेऊन फिरले. दादा दुसऱ्याच दिशेला गेले होते. ऐन उन्हात, डांबरावरून, अनवाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी एका दूधवाल्याला ते सापडले, अकरा किलोमीटरवर, एका मोडक्या बसथांब्यात. वीस वर्षांपूर्वी त्यांची गाडी जिथपर्यंत जायची तो शेवटचा थांबा. आता तिथे एकही बस जात नाही. तळपायांची कातडी उरली नव्हती. त्यांना मधुमेह होता. जखमा चिघळल्या.

रुग्णालयात ते एकोणीस दिवस होते. एका दुपारी ताई औषध आणायला खाली गेल्या होत्या आणि मी खाटेजवळ बसलो होतो. दादांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळे उतरले का?"

मी म्हणालो, "उतरले, दादा."

"मागची सीट बघितली?"

"बघितली. गाडी रिकामी आहे."

"मग ठीक," म्हणाले, आणि झोपले. माझ्याशी झालेलं त्यांचं ते शेवटचं बोलणं.

पाणी घेतो एक घोट. माफ करा.

यानंतर या गावात काय बोललं गेलं? मी नवीन काही सांगत नाही. "दुसऱ्यांची यंत्रं शिकवत बसली आणि घरचा माणूस रस्त्यावर." हे वाक्य मी या वाचनालयाच्या जिन्यात ऐकलं आहे. "एवढी यंत्रवाली, पण ऐन वेळी तिचंच यंत्र वाजलं नाही." हेही ऐकलं आहे. कुणी म्हटलं ते मी सांगणार नाही, कारण एकदा असं बोलणं चाललं असताना मीही तिथे उभा होतो. मी मान हलवली होती. 'नाही' अशी हलवली नव्हती.

त्या वर्षी किती जणांनी आपापली यंत्रं पुन्हा कपाटात टाकली, आठवतं? एका काकूंनी ताईंच्या तोंडावर विचारलं, "मग ते वाजलंच नाही का हो?" मी शेजारीच होतो. ताई म्हणाल्या, "नसेल वाजलं." यंत्राला खोटं बोलू न देण्यात जिनं चौतीस वर्षं घालवली, त्या बाईनं एका खऱ्या यंत्राला आपल्या तोंडानं खोटं ठरवलं.

ते वाजलं होतं. मी बंद केलं होतं.

तो आवाज कशाचा होता ते मला गाडीत बसल्यावरच उमगलं. कंडक्टरची घंटी. डेपोच्या रस्त्यावर एका बसमधून तसाच आवाज आला. त्या क्षणी सांगता आलं असतं. सांगितलं नाही. रुग्णालयात सांगता आलं असतं. दादा गेल्यावर रोज सांगता आलं असतं. त्याऐवजी मी ताईंचं सामान उचललं, त्यांचे कागद केले, दर बुधवारी टेबल पुसून ठेवलं. अध्यक्षबाई, ती सावली म्हणालात ना, ती अशी होती. मदत करताना माझ्या मनात एकच असायचं, यांना कळू नये.

गेल्या शनिवारी ताईंनी मला घरी बोलावलं. लेकीकडे कायमचं जायचं, तर सामान बांधणं चाललं होतं. हत्यारांची पेटी आणि बुधवारचं टेबल त्यांना माझ्या ताब्यात द्यायचं होतं. कुणाच्या कुठल्या यंत्रात कुठली बॅटरी लागते याची वही त्यांनी माझ्या हातात दिली. माझ्यानं ती धरवेना. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी फोन वाजला होता. माझ्या हातात. मी बंद केला."

त्या एक भिंग वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. गुंडाळून झाल्यावर म्हणाल्या, "अकरा वाजून एकवीस मिनिटांनी."

मला काही कळेना.

"फोनमध्ये राहतं ते, नकाशेभाऊ. कधी वाजलं, कधी बंद केलं. सगळं."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवसापासून. गाडीत बसल्यावर बघितलं."

"आणि एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात. दुसरं कोण होतं माझ्याबरोबर? तुम्हाला उतरवलं असतं तर एकटीनं शोधायचं होतं."

"मग नंतर?"

"नंतर राग आला. खूप आला. महिनाभर तुमचा फोन घेतला नाही मी. तुम्ही समजलात, बाई दुःखात आहे." त्यांनी दुसरं भिंग घेतलं. "रोज वाटायचं, हा माणूस आज सांगेल. मग वाटायचं, सांगू दे नाहीतर न सांगू दे, फोन मीच हातात दिला होता. तो आवाज कशाचा, तेही सांगितलं नव्हतं. तुम्हाला धरायचं तर मला स्वतःलाही धरावं लागलं असतं. तेवढं बळ नव्हतं उरलं."

मी म्हणालो, "पण लोक तुम्हाला बोलतात, ताई. समारंभात मी सगळ्यांसमोर सांगतो."

त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "नको. मी जातेय. तुम्हाला इथे राहायचं आहे."

ताई, तुम्ही मनाई केली होती. टेबलावर तुम्ही सांगितलेलं प्रत्येक काम मी ऐकलं, एवढं एक ऐकत नाही. तुम्ही मान खाली घालू नका. आज या सभागृहात मान खाली घालायची असेल तर ती माझी आहे. आणि लेकी, तुझी आई निष्काळजी नव्हती. वडिलांना सांभाळण्यात तिनं एका मिनिटाची कुचराई केली नाही. ती चव्वेचाळीस मिनिटं माझ्यामुळे गेली. आम्ही साडेअकराला निघालो असतो तर दादा बाकावर बसलेले सापडले असते, बूट पायाशी ठेवून. हे मी दोन वर्षं पुन्हा पुन्हा मोजलं आहे. दर वेळी उत्तर तेच येतं.

जिन्यात बोलणाऱ्यांनी यापुढे माझं नाव घ्यावं. मी तिथेच असतो.

टेबलाविषयी. अध्यक्षबाईंनी जाहीर केलं की ते आता मी चालवणार. हे सगळं ऐकल्यावर ते कुणाच्या हाती द्यायचं हे समितीनं पुन्हा ठरवावं, अशी माझी विनंती आहे. ताईंनी सगळं ठाऊक असून वही माझ्याकडे दिली, याचा अर्थ काय लावायचा हे मला अजून समजलेलं नाही. निर्णय होईपर्यंत बुधवारी दहा वाजता मी टेबल लावून ठेवीन. कुणाला माझ्या हातात आपलं यंत्र द्यावंसं वाटलं नाही, तर मला समजेल. वाईट वाटेल, पण समजेल.

आता आभार. ही जागा आणि हे टेबल इतकी वर्षं आम्हाला देणाऱ्या ग्रंथपालबाईंचे, त्या दिवशी शोधायला बाहेर पडलेल्या प्रत्येकाचे, मला नाव विचारायचंही सुचलं नाही त्या दूधवाल्याचे, आणि माझं बोलणं मध्येच न थांबवता ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सर्वांचे. ताई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द असते तर ते दोन वर्षांपूर्वीच वापरायला हवे होते.

निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, हे मला कळतं. समारंभाचा रंग मी घालवला, वेळही फार घेतला, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल. त्या सगळ्याबद्दल या सभागृहानं मला क्षमा करावी. त्या एका चुकीची क्षमा मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची त्यांतल्या एक इथे समोर बसल्या आहेत. दुसरे नाहीत.

नमस्कार.